माळकरी ड्रायव्हर

दारूबंदीच्या दिवसांत पोलिसांना प्यालेला ड्रायव्हर ओळखायला शिकवायचं, तर प्यालेला माणूस आणायचा कुठून, हा पहिला पेच फौजदारसाहेबांपुढे पडला.

नवं महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मलकापूरवरून नागपूरकडे जाणारा रस्ता तेव्हा नुकताच जागा व्हायला लागला होता. जो माल पूर्वी मुकाट्यानं आगगाडीत बसायचा तो आता ट्रकवर चढू लागला. कापसाच्या गाठी, सरकी, तेलाचे डबे, काय वाट्टेल ते. कायद्यानं दारू कुठं नव्हती, पण नाल्याकाठच्या हातभट्टीला कायदा कुणी वाचून दाखवला नव्हता. ड्रायव्हर प्यायचे आणि गाड्या उलटायच्या. पोलिसांची परीक्षा काय, तर ड्रायव्हरच्या तोंडाजवळ नाक न्यायचं. वास आला तर दोन कानाखाली, नाही आला तर नाक्यावरची आडवी दांडी वर. ड्रायव्हर मंडळी काही वेडी नव्हती. कुणी वेलदोडा चघळायचा, कुणी कच्चा कांदा खाऊन यायचा. म्हणून मग ठरलं, की गावोगावच्या चौक्यांवरचे शिपाई तुकडी-तुकडीनं मलकापूरला बोलवायचे आणि त्यांना हे काम नीट शिकवायचं.

फौजदारसाहेब पुण्याकडचे, वयानं तरुण, आवाज न चढवता बोलणारे. चौकीला लागून मोकळं मैदान होतं आणि मैदानाला लागून नजीर मिस्त्रीचं गॅरेज. साहेबांनी मैदानात चुन्याची एक सरळ रेघ मारून घेतली आणि नजीरकडून त्याचा जुना ट्रक मागून घेतला.

"नाकावर विसंबू नका," साहेब शिपायांना सांगत. "लायसन्स मागा, आणि मागता मागताच विचारा, काल मुक्काम कुठं होता. शुद्धीवरचा माणूस खिशात हात घालता घालता गाव सांगतो. प्यालेला एक तर खिसा विसरतो, नाही तर गाव. मग खाली उतरवा, रेघेवर चालवा, वळायला सांगा. चालताना नाही, वळताना बघा. आणि मारायचं मुळीच नाही. किल्ली काढून घ्यायची, डॉक्टरकडे न्यायचं. रक्त काय ते सांगेल."

बोलणं सगळ्यांना पटलं. पण करून बघायचं कुणावर? एक शिपाई हौसेनं पुढं झाला. डोळे फिरवले, "ओ साएब" म्हणत लोळण घेतली, तमाशातला दारुडा करावा तसा केला. मैदानात हशा पिकला. साहेबही हसले.

"हा बाबा ट्रकवर चढूच शकणार नाही," ते म्हणाले. "असा ओळखायला पोलीस कशाला हवा? मला तो दाखवा, जो प्यालाय आणि तुमच्यापासून लपवतोय."

ट्रकच्या सावलीत पंजाबराव जमादार उभे होते. ठाण्यातले सगळ्यात जुने, पेन्शनीला आलेले. गणवेशाच्या आत गळ्यात तुळशीची माळ. ते हळूच म्हणाले, "साहेब, मी करून पाहू काय?"

"जमादार, तुमी?" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमी तं ताकबी गाळून पेता!"

पंजाबरावांनी खाकी सदरा उतरवला, साधा सदरा अंगात घातला आणि ट्रकवर जाऊन बसले. रामराव नावाच्या शिपायानं हात वर करून गाडी अडवल्यासारखं केलं आणि तो दाराशी गेला.

कीर्तनाला जो मनापासून बसलाय त्याला हे सांगायला नको. बुवा उपरणं डोक्यावरून घेतात, आणि समोर राणी उभी राहते. तेच उपरणं काखेत मारतात, की झाला भिकारी. रडणारा माणूस दाखवायचा तर चांगला बुवा रडत नाही, रडं गिळतो, आणि आपण बसल्या जागी डोळे पुसतो. पंजाबराव जन्मभर अशा बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे राहिले होते. ते डोलले नाहीत, बरळले नाहीत. उलट फार ताठ बसले. रामराव दाराशी येताच त्यांचा हात आपसूक गळ्याशी गेला, सदऱ्याच्या आतली माळ त्यांनी बाहेर ओढली, छातीवर नीट केली आणि म्हणाले, "रामकृष्णहरी, दादा."

रामरावाचे हात आपोआप जुळले. "रामकृष्णहरी. नाव काय?"

नाव आलं ते बापाच्या नावासकट, गाव-तालुक्यासकट, एकेक अक्षर सुटं करून, शाळेत गुरुजींपुढं सांगावं तसं. "काल मुक्काम कुठं होता?" म्हटल्यावर खिशात गेलेला हात तिथंच थांबला. ते हसले. फार वेळ हसू तसंच राहिलं. मग खाली उतरले. एक पाय जमिनीला लावला, जमीन आहे ना याची खात्री केली, मग दुसरा. आणि बैलाच्या पाठीवर थोपटावं तसा चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. हात काढला नाही.

रामरावानं मागं बघितलं आणि म्हणाला, "जाऊ द्या गाडी."

"का सोडलीस?" साहेबांनी विचारलं.

"माळकरी हाये साहेब. माळकरी कायले पिईन?"

साहेबांनी बाकीच्यांकडं बघितलं. कुणी मान खाली घातली, कुणी डोलावली. "हाव साहेब, मीबी सोडला असता," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "माळेवाल्याचं तोंड हुंगाचं म्हनजे पाप लागते ना."

पंजाबरावांनी पत्र्यावरचा हात काढला. "माळेले हात जोडा बापू," ते म्हणाले, "जोडलेच पाहिजे. पन माळ काई गाडी चालवत नाई. गाडी मानूस चालवते."

शिपाई चहाला गेल्यावर साहेबांनी विचारलं, "जमादार, हे कुठं शिकलात?"

"घरीच, साहेब."

साहेबांनी पुढं विचारलं नाही. माणूस समजूतदार होता.

पंजाबरावांचा एकुलता एक मुलगा, तुळशीराम. लहानपणी बापाच्या हातून माळ घातलेला. ट्रकवर लागला आणि प्यायलाही लागला. पण माळ काढली नाही त्यानं. बापाला कळेल म्हणून नाही, बापाला लागेल म्हणून. पिताना माळ सदऱ्याच्या आत टाकायचा आणि घराचा उंबरा चढताना बाहेर काढून नीट करायचा. त्याची आई मनकर्णाबाई तेव्हा होत्या. त्या ताट वाढायच्या आणि तोंड फिरवून चुलीकडं बघत बसायच्या. तो प्रत्येक शब्द जपून बोलायचा, भाकरीचा तुकडा जपून मोडायचा. पंजाबरावांना सगळं दिसायचं. एक दिवस माळेवर हात ठेवून त्यानं आईला शब्द दिला, की सोडतो. काही महिने सोडलीही. मग मनकर्णाबाई गेल्या. आणि नंतरच्या हिवाळ्यात गाठी भरलेला ट्रक राजूरच्या घाटात उलटला.

तेराव्याला एक अनोळखी शिपाई घरी आला होता. वाटेतल्या कुठल्याशा नाक्यावरचा. ओसरीवर बसून तो रडला. "काका, मी अडवलं होतं त्याले," तो म्हणाला. "वेलदोड्याचा वास येऊन राह्यला होता. मले थोडासा वहीम आला. पन त्यानं माळ बाहेर काढली, रामकृष्णहरी म्हनला. मी हात जोडले अन् दांडी उचलली." त्याला वाटलं, बापाला तेवढाच आधार, पोरगं शेवटी देवाचं नाव घेऊन गेलं. पंजाबरावांनी त्याला पाणी दिलं. राग आला नाही. त्या नाक्यावर स्वतः असते तर त्यांनीही हात जोडलेच असते. पण तेव्हापासून त्यांच्या मनात एकच घोळत राहिलं. त्या शिपायानं हात जोडून, पाया पडून, कसंही करून, पण दांडी उचलली नसती तर.

आता दर तुकडीला जमादारच ड्रायव्हर होऊ लागले. सकाळच्या उन्हात ट्रकवर चढायचे, माळ बाहेर काढायचे आणि तासभर तुळशीराम व्हायचे. खोटं कशाला बोला, त्या तासाची ते वाटही बघायचे. पोलीस लाइनीतल्या त्यांच्या खोलीत एकाच माणसाची भाकरी थापली जायची. दुसरा आवाज म्हणजे शेजारच्या रेडिओचा. ट्रकच्या दाराशी पोरगं यायचं. त्याचं ते थांबून राहिलेलं हसू पंजाबरावांच्या ओठांवर यायचं. मग वर्ग संपला की सदरा बदलायचा आणि पुन्हा कुणी नाही.

नाही म्हणायला संध्याकाळ होती. विठ्ठलाच्या देवळात हरिपाठ असायचा, आणि कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळकऱ्यांची रांग. डाव्या हाताला वामनरावांच्या शेजारची जागा पंजाबरावांची. वामनराव सरकीचे व्यापारी आणि भजनी मंडळीचे म्होरके. माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा लोणी. तुळशीरामाला खांदा दिलेल्यांत ते पुढं होते. पाऊल घेताना, मागं-पुढं होताना, दोन्ही बाजूंनी माणसाचा खांदा खांद्याला लागे. घरचं कुणी न उरलेल्या माणसाला दिवसाकाठी माणसाचा स्पर्श व्हायला तेवढीच एक जागा होती.

मैदानाला कुंपण नव्हतं. कापसाच्या जिनात जाणारे गाडीवान, बाजारकरी, सगळे थांबून बघायचे. गाव काय, बघतं तेवढंच बोलतं थोडंच?

"जमादारसाब," एका दुपारी नजीर मिस्त्री चहाची बशी पुढं करत म्हणाला, "बजारात काय बोलून राह्यले, मालूम हाये?"

"काय बोलून राह्यले?"

"का बायको गेली, पोरगा गेला, आता जमादार लागले बाटलीले. मी म्हनलो, अबे खुळ्या, थे सोंग करते, सरकारी सोंग. तं म्हनते, सोंग करता करताच लागते."

पंजाबराव हसले. नजीर हसला नाही. तुळशीरामाला स्टेअरिंग धरायला त्यानंच शिकवलं होतं.

"दादा," तो बशीकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी तुमी हात कॉलरीले घातला ना, मी पाना घेऊन हितंच उभा होतो. मी आत निंघून गेलो. पुऱ्या दिवसात एक नट खोलता आला नाई मले."

"मंग? नोको करू म्हन्ता?"

"मी कायले म्हनू? करा. माहे ड्रायव्हर याच रस्त्यानं जातेत." त्यानं उरलेला चहा जमिनीवर ओतला. "पन मले हाका नोका मारू पाहाले."

माघात सप्ता बसला. त्या वर्षी बुवा लांबून यायचे होते. त्यांना आणायला वामनरावांचा पुतण्या जीप घेऊन जानेफळाला गेला होता. पुतण्याही माळकरी. येताना वाटेत एका नाक्यावर जीप अडवली गेली. शिपाई पहिल्या तुकडीत शिकून गेलेला. त्यानं पुतण्याला हात जोडले, मग लायसन्स मागितलं आणि मागता मागता विचारलं, काल मुक्काम कुठं होता. रात्रभर जागलेला पुतण्या गाव सांगताना अडखळला. झालं. शिपायानं त्याला खाली उतरवलं, रस्त्यावर खडूनं रेघ मारली आणि बुवांच्या देखत तीवर चालवला, वळवला, मग पुन्हा हात जोडून सोडला.

पुतण्या सांगत होता, की बुवा जीपमध्ये बसून पोट धरून हसले. पण वामनरावांना हसू आलं नाही. गावभर झालं होतं, की सप्त्याच्या बुवांची गाडी दारूसाठी धरली.

संध्याकाळी हरिपाठाआधी ते पंजाबरावांना देवळाच्या ओट्यावर घेऊन बसले.

"भाऊ, हे काय लावलं तुमी?"

"काय लावलं?"

"मैदानात झिंगता, लोकं पाह्यतात. मी लोकाईच्या तोंडाले लागलो, म्हनलो, जमादार पेनारा मानूस नाई, कसम घ्या. पन आता पोलीसच माळकऱ्याले उतरवून राह्यले. कोनी शिकवलं? तर आपल्याच मंडळीतल्या टाळकऱ्यानं!" वामनरावांनी आवाज खाली आणला. "सोंग करा, माहं काई म्हननं नाई. माळ काढून करा."

"माळ काढली तं त्याईले शिकवू काय?"

"मंग आत ठेवा सदऱ्याच्या."

"आत ठेवली," पंजाबराव म्हणाले, "तं थो दुसराच कोनी होते, वामनराव."

वामनरावांना कळलं. काही वेळ ते देवळाच्या पायरीवरच्या चपलांकडं बघत राहिले.

"थो पोरगा मलेबी पोरासारखा होता," ते म्हणाले. "पन पाहा ना, माळ म्हनजे भरोसा हाये आपल्या मानसाचा. बजारात मी माळवाल्याले तागडी न पाह्यता माल देतो. तुमी पोराईले सांगून राह्यले का त्या भरोश्यावर जाऊ नोका."

"मी सांगून राह्यलो का हात जोडा, अन् मंग पाहा."

"लोकं एवढं बारीक आयकत नाई भाऊ." वामनराव उठले. "काल्याच्या सकाळी वर्ग हाये म्हने तुमचा?"

"हाव. मेहकर तालुक्याची तुकडी हाये. शेवटची. डोनगावचे, जानेफळचे पोरं. दुपारच्या एसटीनं जानार."

"म्हनजे कर्ण्यावर काल्याचं कीर्तन चालू, अन् मैदानात माळकरी झिंगून राह्यला. पंजाबराव, हात जोडतो. तेवढं नोका करू. केलं, तं मंग रांगेत उभं नोका राहू. हे मी नाई, मंडळी म्हनते. मी लय भांडलो त्याईच्यासंगं."

ते खरं भांडले असतील. डोळे लाल होते.

त्या आठवड्यात पंजाबराव रोज रांगेत उभे राहिले. बुवा मोठे रसाळ होते. एका शब्दावर असे थांबायचे, की तेवढ्या शांततेत समईची वात फडफडलेली ऐकू यावी, आणि मग मृदंग कोसळायचा. पंजाबरावांचे हात टाळावर चालत होते, पण मन हिशेब केल्यासारखं एकाच ठिकाणी फिरत होतं. एकदा ते साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "जमादार, तुमची अडचण असेल तर राहू द्या. मी दुसऱ्या कुणाला ड्रायव्हर करतो. तुम्ही कीर्तनाला जा." पंजाबरावांनी विचार केला. दुसरं कोण करील? करीलही कुणी, पण तो डोलेल. पोरं हसतील, एसटीत बसतील, आणि डोणगावच्या नाक्यावर एखाद्या रात्री कुणाचा तरी तुळशीराम माळ बाहेर काढील.

काल्याच्या आदल्या संध्याकाळी हरिपाठ झाला. पंजाबरावांनी टाळांची दोरी गुंडाळली, टाळ खांबाशी ठेवले आणि देवाला दंडवत घातलं. मग रांगेतल्या एकेकाच्या पाया पडले, रोज पडतात तसेच. वामनराव पाया पडायला वाकले आणि जरा जास्त वेळ वाकलेलेच राहिले.

सकाळी तुकडी मैदानात उभी राहिली. देवळासमोरच्या लिंबावर कर्णा बांधलेला होता. तो नेमका मैदानाकडं तोंड करून होता. साहेबांचं सांगणं संपलं, पंजाबराव ट्रकवर चढले, आणि तिकडं बुवांनी चाल धरली.

जानेफळचा एक शिपाई पुढं आला. पंजाबरावांनी माळ बाहेर काढली. नाव सांगितलं. खाली उतरले. पण रेघेवर चालायची वेळ आली आणि काहीतरी बिनसलं. कर्ण्यातून मृदंग येत होता, आणि पाय त्याचं ऐकत होते. अडखळायचं तिथं पाऊल सुबक पडत होतं, वळायचं तिथं ते टाळकऱ्यासारखे हलकेच वळले. जानेफळचा पोरगा गोंधळला.

"साहेब, हे तं सोडून द्याच्यासारखे दिसून राह्यले."

"बरोबर आहे तुझं," साहेब म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, "जमादार, आज येत नाही तुम्हाला."

"येईन साहेब. एकडाव थांबा."

ते पुन्हा वर चढले. पुन्हा तेच. पोट आत ओढलं, दात आवळले, तरी गुडघ्यात ताल वाजायचाच. रांगेतली माणसं आत्ता कुठल्या पावलावर असतील ते त्यांना डोळे मिटून दिसत होतं. डाव्या हाताची एक जागा रिकामी असेल, का सरकून भरली असेल? या दोन्हींतलं कोणतं बरं, तेही त्यांना कळेना.

गॅरेजच्या दाराशी कापसाची एक फाटकी गाठ पडली होती. पंजाबराव तिकडं गेले. गाठीतून चिमूटभर कापूस ओढला, बोटांत मळून त्याचे दोन बोळे केले आणि कानांत घातले. दारात नजीर उभा होता. बघायला नको म्हणणारा नजीर. तो जागचा हलला नाही.

हरिनामाला कान मिटून घेणं माळकऱ्याच्या जातीला जमत नाही. पंजाबरावांनी ते केलं. आणि जग एकदम लांब गेलं. कर्णा लांब गेला, मृदंगाची नुसती धडधड उरली, ती आपल्याच छातीतली असावी तशी. एवढं एकटं त्यांना मनकर्णाबाईंच्या माघारीही वाटलं नव्हतं. पण पाय सुटे झाले.

आता डोणगावचा शेषराव नावाचा पोरगा पुढं आला. नुकता भरती झालेला, मिसरूडही धड न फुटलेलं. त्याच्या कॉलरीतूनही माळेचे मणी दिसत होते. त्यानं हात वर केला. पंजाबराव ताठ बसले. हात गळ्याशी गेला, माळ बाहेर आली.

"रामकृष्णहरी, दादा."

पोराचे ओठ हलले. प्रश्न पाठ होते, ऐकू आले नाहीत तरी चालत होतं. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, एकेक अक्षर सुटं. खिशातला हात थांबला. हसू आलं आणि थांबून राहिलं. एक पाय खाली, जमीन आहे ना, मग दुसरा. रेघेवर पाच-सहा पावलं नीट गेली. वळताना डावा पाय उजव्याच्या पुढं यायला विसरला. त्यांनी तो हसून सावरला आणि पत्र्यावर हात ठेवला.

पोरगा त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याची नजर माळेवर गेली आणि तिथंच अडकली. पंजाबरावांना तो चेहरा ओळखीचा वाटला. तेराव्याला ओसरीवर बसून रडलेल्या शिपायाचा चेहरा याच्याहून वेगळा नव्हता. आता हात जुळतील, आता हा मागं वळून "जाऊ द्या" म्हणेल.

हात जुळले. मग पोरगा खाली वाकला आणि त्यानं पंजाबरावांच्या पायांवर डोकं टेकलं. माळकऱ्यानं माळकऱ्याला भेटताना टेकावं तसं, घाई न करता. तुकडीत कुणीतरी हसलं असावं. साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलेलं दिसलं. पोरगा उठला, काहीतरी बोलला, पंजाबरावांना वळसा घालून ट्रकवर चढला, किल्ली काढली आणि आपल्या खिशात टाकली. खाली येऊन त्यानं त्यांचा दंड धरला. घट्ट, पण म्हाताऱ्या बापाला पायरी उतरवताना धरावा तसा.

पंजाबराव तसेच उभे राहिले. सोंग कधी गळून गेलं त्यांना कळलं नाही. त्यांनी एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्या.

"काय म्हनला तू?"

शेषराव घाबरला. "चुकलं का जमादार?"

"नाई नाई. मले आयकू नाई आलं. पाया पडून उठल्यावर काय म्हनला?"

पोरानं साहेबांकडं चोरून बघितलं. "म्हनलो... माऊली, तुमच्या माळेच्या पाया पडतो. पन गाडी नाई सोडत. चाला, डॉक्टरकडे जाऊ."

"अजून एकडाव म्हन."

"आं?"

"म्हन ना बापू."

शेषरावानं पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं, कारण त्याला वाटलं जमादारांना कमी ऐकू येतं. पंजाबराव खाली मान घालून ऐकत होते. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते उगाच चुन्याच्या रेघेकडं बघत होते.

तेव्हा कुठं पंजाबरावांच्या लक्षात आलं, की कर्णा बंद झालाय. कीर्तन संपलं होतं. बुवांनी शेवटी काय सांगितलं, हंडी फोडताना गजर कोणता झाला, काहीच कळलं नव्हतं. रस्त्यानं माणसं परतू लागली होती. बायकांच्या हातात पळसाच्या पानांवर काला होता. पोराटोरांची तोंडं दह्यानं माखलेली. मंडळीतले टाळकरी घोळक्यानं येत होते, त्यांत वामनराव. मैदानाशी येताच त्यांची पावलं मंदावली. त्यांना दिसले ते पंजाबराव जमादार, माळ सदऱ्यावर, आणि एक पोरसवदा शिपाई त्यांचा दंड धरून. त्याआधीचं कुणी बघितलं नव्हतं.

वामनरावांच्या बायको सोजराबाई मागं होत्या. त्या थांबल्या, हातातल्या द्रोणाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. वामनरावांनी "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही. ते नुसते पुढं चालू लागले. बाईंनी द्रोण नजीरच्या दाराशी एका डब्यावर ठेवला, वर दुसरं पान झाकलं आणि त्या घोळक्याच्या मागं गेल्या.

पंजाबराव बघत राहिले. हाक मारावीशी वाटली. या पोरानं काय केलं ते सांगावं, तेवढंच ऐकून जा म्हणावं. पण भर रस्त्यात, एवढ्या माणसांत, ते सांगायचं कसं? घोळका जिनाच्या कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला.

"जमादार," साहेब म्हणाले, "थांबायचं का? एसटीला वेळ आहे अजून, पण तुम्ही..."

तुकडीतली बरीच पोरं अजून ओळीत उभी होती. पंजाबरावांनी शेषरावाच्या खिशाकडं हात केला आणि किल्ली परत मागितली.

"नाई साहेब," ते ट्रकची पायरी चढता चढता म्हणाले. "पुढचा कोन हाये? ये बापू. पाह्यलं ना यानं कसं केलं? तसं कर."